जात्याच्या दोन बाजू

श्यामला रुकडीकर रागावली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या मुलांना हे चांगलं ठाऊक होतं. बाई हळू बोलायला लागल्या, की मुलं हातातलं उपकरण जपून टेबलावर ठेवत आणि चूक कुणाची हे आपापसांत खुणेनंच ठरवून टाकत.

त्या दिवशी प्राध्यापक अंबादासराव कुंभोजकरांच्या खोलीत तिचा आवाज इतका उतरला, की त्यांना दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं.

"फितीची सुरुवात कुणी कापली, असं विचारलं मी."

"ती होय! मीच कापवली, शिपायाकडून. अहो, सुरुवातीला तुमचं ते फळीवरचं ठकठक, आणि वर बोलणं. 'ही मल्लव्वाबाईंची बाजू, ही अक्काताईंची बाजू.' रेडिओवर ओव्या लागायच्या आणि आधी तुमचं सुतारकाम ऐकू यायचं!" अंबादासराव आपल्याच विनोदावर हसले. "शास्त्राला सगळीकडे मध्ये बोलायची खोड. काव्याला जरा मोकळं सोडा, श्यामलाबाई."

"कापलेला तुकडा कुठे आहे?"

"कचऱ्यात. कधीच गेला."

श्यामलानं तरीही टेबलाखालची टोपली ओढून बघितली. टोपली रिकामी होती.

अंबादासराव मराठीचे प्रमुख होते आणि करवीर लोकगीत मंडळाचे अध्यक्ष. मंडळाला जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रिका काढून ती रेडिओलाही द्यायची होती. एकोणीसशे अठ्ठावन्न साल होतं. पेठापेठांतून पिठाच्या गिरण्या झाल्या होत्या आणि जाती परसात पालथी पडली होती. ओव्या म्हणणाऱ्या बायका आहेत तोवर त्यांचा आवाज धरून ठेवावा हा विचार चांगला होता, आणि तो अंबादासरावांचा होता, हे श्यामला कधी नाकारत नसे. पण आवाज धरायचं यंत्र तिच्या प्रयोगशाळेत होतं. विज्ञान विभागाला परदेशातून भेट आलेला टेपरेकॉर्डर, एकाच फितीवर शेजारी शेजारी दोन आवाज वेगवेगळे उतरवणारा. त्याच्यामुळे ती या कामात आली होती, आणि अंबादासरावांच्या मते गरजेपेक्षा जरा जास्तच आत आली होती.

ओव्या मिळाल्या शाहूपुरीत, सिद्धलिंग शेट्यांच्या घरी. शेटे गुळाचे व्यापारी, मंडळाचे आश्रयदाते. त्यांच्या घरी वीज होती आणि जातंही चालू होतं. "गिरणीचं पीठ आमच्या घरात चालत न्हाय, पावणं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला छाती काढून सांगत. चालत नाही म्हणून दळतं कोण, हे सांगायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती. दळायच्या त्या घरातल्या दोघी जावा. थोरली अक्काताई, सिद्धलिंगअप्पांची बायको. धाकटी मल्लव्वा, त्यांच्या वारलेल्या भावाची बायको, रायबागकडची. माहेरी कानडी बोलून वाढलेली मल्लव्वा सासरी येऊन मराठीत ओव्या रचायला लागली होती, आणि दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत आयुष्यभर गात आल्या होत्या.

ध्वनिमुद्रणाच्या पहाटे श्यामलानं जात्यापासून चार हातांवर दोन मायक्रोफोन एकावर एक बांधले. खालचा सरळ जात्याकडे तोंड करून. तो सगळंच ऐकणार. वरचा होता रिबनचा, बंद पडलेल्या एका सिनेमा स्टुडिओतून कॉलेजला मिळालेला. तो तिनं मुद्दाम आडवा वळवला. या जातीच्या मायक्रोफोनला पुढे आणि मागे असे दोन्हीकडे कान असतात आणि कडेला तो ठार बहिरा असतो. ती बहिरी कड जात्याकडे केली, की मधल्या जात्याची घरघर त्याला जवळपास ऐकू येत नाही. ऐकू येतात त्या दोन बाजूंच्या दोघी. आणि त्यातही गंमत अशी, की एका बाजूचा आवाज आतल्या पातळ पट्टीला ज्या दिशेनं ढकलतो, त्याच्या बरोबर उलट दिशेनं दुसऱ्या बाजूचा ढकलतो. एक अधिक, एक उणे. मग समोरच्या मायक्रोफोनच्या आवाजात हा बाजूचा आवाज मिळवला, की डावीकडची बाई पुढे येते आणि उजवीकडची मागे सरते. वजा केला, की उजवीकडची पुढे येते. बेरीज एका कर्ण्याला द्यावी, वजाबाकी दुसऱ्याला. दोन कर्ण्यांच्या मधोमध बसून डोळे मिटावेत, आणि जातं पुन्हा समोर येऊन बसतं, दोन्ही बायकांसकट.

एका परदेशी नियतकालिकात ही रीत वाचल्यापासून श्यामलाला ती करून बघायची होती. बेरीज-वजाबाकीसाठी लागणारे दोन ट्रान्सफॉर्मर तिनं स्वतःच्या हातानं गुंडाळले होते. आणि या रीतीला जात्याइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. जातं फिरतं, बायका आपापल्या जागेवरून हलत नाहीत.

एकच गोष्ट आधी ठरवून ठेवावी लागते. रिबनच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या, की अधिकाचं उणे होतं आणि डावं उजवं होतं. यंत्राला त्यातलं काही कळत नाही. म्हणूनच तिनं सुरुवातीला एकेकीच्या बाजूच्या फळीवर टकटक करून तिचं नाव सांगितलं होतं. ती खूण कचऱ्यात गेली होती.

"बसा, बसा," अंबादासराव म्हणाले. "रागावण्यासारखं काय आहे त्यात? हे बघा, तबकडीवरचा मजकूरही तयार झाला." त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेला कागद पुढे केला. 'गायिका : सौ. अक्काताई सिद्धलिंग शेटे.'

श्यामलानं तो दोनदा वाचला. वाचण्यासारखी एकच ओळ होती.

"आणि मल्लव्वाबाई?"

"त्या मागे सूर धरतात ना."

"सर, त्या सूर धरत नाहीत. त्या गातात. 'दगडाला फिरवी हात' ही त्यांची ओवी आहे."

याच ओवीनं अंबादासरावांना झपाटलं होतं. व्याख्यानात, वाचनालयाच्या ओट्यावर, जो भेटेल त्याला ते ती म्हणून दाखवत:

दगडाला फिरवी हात, हाताला फिरवी घर,
घराला फिरवी कोण, सांग जात्या खरोखर.

"कशावरून त्यांची?" त्यांनी भुवया उंचावल्या.

"मी समोर होते."

"तुम्ही यंत्राच्या काट्यांकडे बघत होतात. मी कितीदा तरी ऐकलं आहे. मला तर अथपासून इतिपर्यंत एकच गळा ऐकू येतो."

"तुम्ही समोरच्या मायक्रोफोनची एकच बाजू ऐकली आहे, एका कर्ण्यावर. त्यात दोघी एकाच ठिकाणाहून येतात. दुसरी बाजू तुम्ही ऐकलीच नाही."

"ऐकली की! जातं गायब, सगळं पोकळ. बिघडलेली आहे ती."

"बिघडलेली नाही. ती एकटी ऐकायची नसते."

"श्यामलाबाई," अंबादासराव आता समजुतीच्या सुरात आले, आणि या सुराचाच श्यामलाला सगळ्यात जास्त राग येत असे, "ओवी ही समूहाची निर्मिती असते. ती अमकीची की तमकीची, हा प्रश्नच गैरलागू आहे."

"मग कागदावर एकीचं नाव कसं?"

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "सिद्धलिंगअप्पांनी घर मोकळं करून दिलं आपल्याला. काहीतरी रीत असते."

श्यामला उठली. दारात थांबून ती इतक्या हळू बोलली, की पुन्हा "काय?" आलं.

"रविवारी त्यांच्याकडे सगळ्यांना फीत ऐकवायची आहे ना? ती मी लावणार आहे. दोन कर्ण्यांवर."

आधी मल्लव्वालाच विचारावं, म्हणून ती त्याच दुपारी शाहूपुरीत गेली. गुऱ्हाळांचा हंगाम होता. दारात गुळाच्या ढेपा उतरवणं चालू होतं आणि सगळ्या बोळाला काकवीचा वास होता. मल्लव्वा मागच्या सोप्यात जोंधळे पाखडत बसली होती. सुपावर हात सराईत चालत होते. हात उघडे होते, कोपरापासून मनगटापर्यंत. एक बांगडी नव्हती.

"या बाई. बसा की. च्या टाकू?"

"चहा नको. मल्लव्वाबाई, ती दगडाची ओवी तुमची ना?"

सूप थांबलं. मल्लव्वानं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. आत अक्काताईची भाकरी थापल्याची थपथप चालू होती.

"घरातली हाय," ती म्हणाली.

"घरातली म्हणजे कुणाची?"

"आता घरातली म्हंजी घरातली. का वो बाई, कुनी काय म्हनलं?"

"तबकडीवर एकट्या अक्काताईंचं नाव येणार आहे. तुमचं नाही."

मल्लव्वानं सूप पुन्हा हलवलं. कोंडा उडाला, दाणे खाली बसले. ती हसली, पण ते हसू ओठांतल्या ओठांतच राहिलं.

"ईऊ दे की. ज्याचं घर, त्याचं नाव. मी त्येंच्याच ताटातलं खाती न्हवं?"

"तुम्ही त्यांच्या ताटातलं खात नाही. तुम्ही दळता ते सगळे खातात."

आतली थपथप थांबली.  मग मल्लव्वा खालच्या आवाजात म्हणाली, "माझी लेक दिलीया चिकोडीकडं. तिच्या सासरी रेडिओ हाय. लगीन हुन गेली त्याला किती वरसं झाली, मला कुनी पाठवलं न्हाय तिच्याकडं. म्या म्हनलं, आवाज तरी जाईल. आईचं नाव घिऊन कुनी सांगील, तर वळखंल पोरगी." तिनं पाखडलेले दाणे पाटीत ओतले. "पर तुम्ही हितं काय बोलू नगा. ऱ्हायचं मला हाय हितं."

श्यामला परत निघाली तेव्हा सिद्धलिंगअप्पा दारात ढेपा मोजून घेत उभे होते. "काय बाई, गुळ न्ह्या की घराकडं," ते मोठ्यानं म्हणाले. "आमची अक्का आता रेडिओत जानार! सगळ्या गूळपेठंत सांगितलंय म्या." त्यांच्या तोंडावरचा आनंद खरा होता, आणि त्यामुळेच श्यामलाला तो सोसवेना. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, तिला वाटलं. ज्यांच्या हातचं पीठ रोज पोटात जातं त्यातले दोन हात याला कधी दिसलेच नाहीत, आणि न दिसण्याचं याला काही वाटतही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं प्रयोगशाळेत फीत लावली. दोन्ही कर्णे मांडले आणि मधोमध खुर्ची टाकून बसली. जातं आलं, घरघरत, अगदी समोर. एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला दुसरी. पण कोणती कुठली? तिनं यंत्रातून येणाऱ्या, रिबनच्या आवाजाच्या तारा उलटवून बघितल्या. बायकांनी जागा बदलल्या. दोन्ही वेळी सगळं तितकंच खरं वाटत होतं. तिची आठवण सांगत होती की डावी मल्लव्वा; पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. ही गोष्ट ती स्वतःच मुलांना शिकवत आली होती, आणि अंबादासराव नेमकं हेच विचारणार हे तिला दिसत होतं.

मग पीठ दळताना होणारा, आतापर्यंत तिनं नुसता पार्श्वभूमीचा म्हणून सोडून दिलेला एक बारीक आवाज तिनं लक्ष देऊन ऐकला. पुन्हा ऐकला. फीत मागे घेऊन परत ऐकला. 

*

रविवारी सकाळी शेट्यांच्या माडीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. मंडळाचे लोक, गूळपेठेतले चार व्यापारी, शेजारपाजार. पुरुष पुढे, बायका आतल्या दाराशी. उंबऱ्यावर अक्काताई, ठसठशीत कुंकू, नवं इरकल नेसलेली, हिरव्या बांगड्या भरलेली. तिच्या मागे अंधारात मल्लव्वा.

अंबादासरावांनी छोटं भाषण केलं. भाषणात संस्कृती तीनदा आली आणि अक्काताई पाचदा. मग ते म्हणाले, "आता श्यामलाबाई आपल्याला फीत ऐकवतील. त्यांचा आग्रह आहे की दोन कर्णे हवेत. एकात काम झालं असतं, पण शास्त्रज्ञांना दोन सांगितले की बरं वाटतं."

लोक हसले. श्यामला हसली नाही.

"यजमानांनी या खुर्चीवर बसावं," ती म्हणाली. "दोन्ही कर्ण्यांच्या बरोबर मध्ये. इथूनच नीट कळतं."

सिद्धलिंगअप्पा खुशीत येऊन बसले. फीत फिरू लागली. जातं घरघरलं आणि त्यांनी दचकून समोरच्या भिंतीकडं बघितलं.

"आयला! हितंच मांडलंय की जातं!"

भाऊ माझा येतो, घुंगरांच्या नादात,
वाट त्याची पाहता, ऊन सरलं दारात.

"ही अक्काताईंची ओवी," श्यामला म्हणाली. "कुठून येतेय, अप्पा?"

"ह्या अंगानं." त्यांनी उजवीकडे हात केला.

"आता हे ऐका."

दगडाला फिरवी हात, हाताला फिरवी घर...

सिद्धलिंगअप्पांनी मान डावीकडे वळवली. त्यांनी वळवली नाही, ती वळली. माडीवरच्या सगळ्यांनी ती मान बघितली होती.

अंबादासराव पुढे आले. "एक शंका. तुम्हीच मला सांगितलं होतं, श्यामलाबाई, की तुमच्या त्या आडव्या मायक्रोफोनची तार उलटी जोडली की डावं ते उजवं होतं. खरं की नाही?"

"खरं आहे."

"मग आज तार सुलटी आहे की उलटी, हे कशावरून?"

"कशावरूनही नाही. ज्यावरून कळलं असतं तो तुकडा तुम्ही कापलात."

"मग झालं!" त्यांनी लोकांकडे वळून हात पसरले. "आणि दोन बाजूंना दोघी आहेत एवढंच कळलं, पहिली ओवी तरी अक्काताईंचीच हे कुणी सांगितलं? यंत्र सांगेल ते ब्रह्मवाक्य, आणि यंत्रालाच डावंउजवं कळत नाही!" हशा पिकला. दाराशी अक्काताई मान खाली घालून बसली होती.

श्यामला हशा ओसरेपर्यंत थांबली.

"अप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज आता इतका खाली गेला होता, की मागच्यांना पुढे वाकावं लागलं. "तुमच्याकडे जात्यात वैरण कोण घालतं?"

"वैरन? मुठीमुठीनं दानं घालायचं त्ये? थोरली की. सूप तिच्या गुडघ्यापाशी असतंय. आईच्या वक्तापास्नं तशीच रीत हाय आमची."

"मग गाण्याकडे लक्ष देऊ नका. दाणे घेतानाचा आवाज ऐका."

तिनं फीत मागे घेऊन पुन्हा लावली. जातं फिरत होतं. मध्येच सुपात हात गेल्याची खसखस आली, आणि तिच्यासोबत काचेची किणकिण. मूठ भरली, हात उचलला, किणकिण. पुन्हा थोड्या वेळानं, किणकिण.

"बांगड्या," सिद्धलिंगअप्पा म्हणाले.

"कुठल्या बाजूला?"

"ह्या. उजव्या."

"आणि 'दगडाला फिरवी हात'?"

 त्यांचं बोट डावीकडे गेलं.

"आता सरांच्या शंकेप्रमाणे तार उलटी जोडते." तिनं सगळ्यांना दिसेल असे दोन्ही तारांची टोकं सोडवली, अदलाबदल करून जोडली आणि तोच भाग परत लावला.

सिद्धलिंगअप्पांनी कान टवकारले. "आता बांगड्या हिकडं आल्या, डावीकडं. आन् गानं..." ते थांबले. "गानं तिकडं गेलं."

"तार कशीही जोडा. डावं उजवं होईल, उजवं डावं होईल. पण ही ओवी आणि बांगड्या एका बाजूला कधीच येत नाहीत. बांगड्यांच्या बाजूला भावाची ओवी आहे. ही समोरून येते, जिच्या हातात..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. गरजच नव्हती. माडीवरचे सगळे डोळे एकदम आतल्या दाराकडे वळले होते. अक्काताईच्या मागे, अंधारात, मल्लव्वानं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले होते.

सिद्धलिंगअप्पा खाकरले. "बरं मग. त्यात काय एवढं? दोघी घरच्याच की. कुनी का म्हनंना."

"अगदी," अंबादासराव लगेच म्हणाले. "आपण असं करू. 'सौ. अक्काताई शेटे आणि सहकारी.' म्हणजे कुणावर अन्याय नको."

"सहकारी!" श्यामलाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटला. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता आणि तो ऐकून तिचीच तिला ओळख पटेना. "त्या बाईच्या ओवीवर तुम्ही व्याख्यानं दिलीत, सर. टाळ्या घेतल्यात. आज कळलं ती कुणाची, तर तिला नावही नाही? नाव लिहीपर्यंत ही फीत मी देणार नाही. कॉलेजनं यंत्र काढून घेतलं तरी चालेल."

"बाई, बाई," मागून आवाज आला. "तुम्ही बी थांबा जरा."

मल्लव्वा उभी राहिली होती. अंधारातून उंबऱ्यापर्यंत आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती चिडली होती.

"तुम्ही माज्यासाठी भांडताय, ग्वाड वाटलं. पर एक सांगा. माझा गळा वळखायला माझं रिकामं हात चारचौघांत दावायला लागलं व्हय? इतकी शिकलेली मान्सं बसलीसा. ह्यो सायेब म्हंत्यात कितीदा ऐकलं. ह्ये आमचं दाजी रोज पहाटं आथरुनात पडून ऐकत्यात. बांगड्या वळखू आल्या सगळ्यांस्नी. दोन बायका हाईत, दोन गळं हाईत, एवडं ऐकू येईना?"

 अंबादासरावांनी कागदावर नजर लावली होती.

सिद्धलिंगअप्पा म्हणाले, "आगं, चारचौघांत..." आणि तिथंच अडले, कारण अक्काताईनं हात वर केला. बांगड्या वाजल्या आणि सगळे गप्प झाले.

"खरं बोलतीया तंगी," अक्काताई म्हणाली. धाकट्या बहिणीला हाक मारावी तशी ती जावेला कानडीत तंगी म्हणायची. "ती ववी मला सगळी येत बी न्हाय. ववी लागली की मी गप बसती, ही म्हंती. रेडिओवाल्यांनी उद्या म्होरं बसवून म्हन म्हनलं असतं, तर काय केलं असतं मी? तुमी गूळपेठंत सांगत सुटला, मला इचारलं व्हतं?"

"तू तरी बोलायचंस की!"

"बोलली आता."

कुणीतरी हसलं आणि खोकल्यात दडवलं. सिद्धलिंगअप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. मग अंबादासरावांकडं बघून म्हणाले, "लिवा वो सायेब. दोघींची लिवा. कुनाची कुठली त्ये बी लिवा."

अंबादासरावांनी खिशातून पेन काढलं. कागदावरची ओळ खोडून अक्काताईंचं नाव भावाच्या ओवीसमोर लिहिलं. "मल्लव्वाबाईंचं पूर्ण नाव काय घालू? कैलासवासी... यजमानांचं नाव काय होतं?"

"मल्लव्वा," मल्लव्वा म्हणाली.

"हो, पण पुढे? घराण्याचं नाव तरी हवं. शेटे."

"घरानं ववी म्हटली व्हय?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग श्यामलाकडे. श्यामला टेबलाशी फितीच्या चकतीवर हात ठेवून उभी होती. पेन कागदावर टेकलं. पहिल्यांदा त्यांनी नुसतं 'मल्लव्वा' लिहिलं, मग थोडं थांबून तिच्या नावासमोर 'दगडाला फिरवी हात' असं लिहिलं, आणि कागद स्वतःच श्यामलाकडे दिला. तिनं तो वाचला, मल्लव्वाला वाचून दाखवला.

"माझ्या लेकीला कळंल न्हवं एवड्यावरनं?" मल्लव्वानं विचारलं.

"नाव सांगितल्याशिवाय ओवी लावायची नाही, असं मी रेडिओवाल्यांना लिहीन. सरही सही करतील."

अंबादासरावांनी मान हलवली.

मल्लव्वा सतरंजीवर आली. खुर्चीवर नव्हे, खुर्चीपुढे खाली, दोन कर्ण्यांच्या बरोबर मध्ये बसली. सिद्धलिंगअप्पा चुळबुळले, उठले आणि बाजूला झाले. अक्काताईही येऊन जावेशेजारी बसली. पदराखालचे हात मल्लव्वानं बाहेर काढून मांडीवर ठेवले, उघडेच.

"लावा परत," ती श्यामलाला म्हणाली. मग मागे वळून सगळ्या माडीला उद्देशून, खणखणीत: "आन् ह्या खेपंला बांगड्या ऐकू नगा."

श्यामलानं फीत मागे फिरवली.